अनुभव धागा : अग्निशमन आणि रुग्णवाहिका प्रशिक्षण – मैदानावर नेमकं काय चुकतं?

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात. त्या आठवड्यात शाळा-सोसायट्यांतून जी प्रात्यक्षिकं होतात ती बघायला छान असतात, पण त्यातून शिकणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. म्हणून हा धागा. जे शिकवतात किंवा रोज तेच काम करतात त्यांनी लिहावं. शौर्यकथा नकोत, त्यांना दुसरे धागे आहेत. कोणती ड्रिल, कोणती पायरी, किती दाब, किती सेकंद, कुठे गडबड होते आणि का, एवढंच हवं.

बंबवाला

पंपापासून सुरू करतो, कारण पुढे ब्रँच (नळीच्या टोकाचं पाणी मारायचं तोंड) धरलेल्याची सगळी मदार पंपावर.

विहिरीतून किंवा तळ्यातून पाणी ओढायची ड्रिल नव्या मुलांना हमखास रडवते. पंप पाणी ‘खेचत’ नाही. तो सक्शनमधली (पाण्यात सोडलेल्या नळीतली) हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हिशेबाने १०.३ मीटर उंची मिळायला हवी, प्रत्यक्षात सात-साडेसातच्या वर भरवसा धरू नका. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, म्हणजे साधारण १३५० मीटर उंचीवर, हवेचाच दाब कमी असतो. तिथे दीडेक मीटर सुरुवातीलाच वजा करा. मुंबईत पास झालेली ड्रिल तिथे नापास होते ती त्यामुळे, आणि पंप बिघडला म्हणून आरडाओरडा होतो.

प्रायमिंग (ती हवा काढणं) लावल्यावर पाऊण मिनिटात पाणी आलं नाही तर थांबवा. कोरडा पंप फिरवत राहिलं तर सील जातं. मग व्हॅक्यूमचा काटा बघा. काटा हललाच नाही किंवा थोडा चढून पडला, तर कुठेतरी हवा शिरतेय: कपलिंगमधला वॉशर निसटलेला, सक्शनची चावी नीट न आवळलेली, नाहीतर डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिलेला. काटा खूप चढला पण पाणी नाही, तर हवा शिरत नाहीये, सक्शनच्या तोंडाची जाळी चोंदली आहे किंवा उंची जास्त आहे. हे दोन वेगळे आजार आणि इलाजही वेगळे. शिकाऊ मुलं दोन्हीला एकच औषध देतात: आणखी रेस, म्हणजे इंजिनाचा वेग.

जाळी पाण्याखाली सक्शनच्या व्यासाच्या निदान तिप्पट हवी, १०० मिलिमीटरच्या सक्शनला ३० सेंटिमीटर. कमी असेल तर वर भोवरा दिसतो आणि त्यातून हवा जाते. जाळी तळाला टेकली तर गाळ. वेताची टोपली बांधा आणि दोरीने जाळी मधोमध लोंबती ठेवा. पंपातून खडी दळल्यासारखा आवाज आला तर रेस कमी करा. पाणी येतंय त्याहून जास्त तुम्ही मागताय.

शिट्टी

बीए सेटचं (धुरात घालायचा पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा संच) सांगतो. ६.८ लिटरचा कंपोझिट सिलिंडर, ३०० बार. सरळ गुणाकार २०४० लिटर. इतक्या दाबाला प्रत्यक्षात हवा त्याहून थोडी कमीच बसते, पण हिशेबाला हा आकडा चालतो. मिनिटाला ४० लिटर श्वासाने भागलं की ५१ मिनिटं येतात आणि मुलं खूश होतात. हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारच्या आसपास वाजते, म्हणजे तोवर वापरायला १६६६ लिटर. जिन्याने होज (पाण्याची नळी) ओढत चढणारा माणूस मिनिटाला ६५ लिटर सहज घेतो. आता भागा. २५ मिनिटं. शिट्टी ही निघायची खूण नाही, शिट्टी वाजेल तेव्हा तुम्ही बाहेर असायला हवं. परतीचा दाब आत जाताना लागलेल्या दाबावरून काढायचा. आत जायला ६० बार लागले तर परतीला ६० आणि वर शिट्टीचे ५५, म्हणजे ११५ च्या आधी वळायचं.

घालण्याआधीची तपासणी एक मिनिटाची आहे आणि सगळ्यात जास्त तीच चुकवली जाते. सिलिंडर पूर्ण उघडा, काटा वाचा, बंद करा, एक मिनिट काट्यावर नजर ठेवा. १० बारपेक्षा जास्त उतरला तर सेट बाजूला. मग अडकलेली हवा हळूहळू सोडत शिट्टी कितीला वाजते ते बघा. भसकन सोडली तर शिट्टी वाजते, पण कितीला वाजली ते कळत नाही. मास्कची तपासणी वेगळी: सिलिंडर बंद ठेवून श्वास घ्या, मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला पाहिजे. दोन दिवसांची दाढी असली तरी गळतो. दाढीवरून वाद घालणाऱ्याला धुराच्या खोलीत न्यायची गरज नाही, आरशासमोर एवढंच करून दाखवा.

धुरात भिंत चाचपताना हाताची पालथी बाजू. तळव्याने उघडी तार लागली तर विजेच्या धक्क्याने मूठ आवळते आणि तार धरली जाते, पालथ्या हाताला तोच झटका हात मागे ओढतो. पाय उचलून टाकायचा नाही. वजन मागच्या पायावर ठेवून पुढचा घासत न्यायचा.

आणि होजवरून बाहेरची वाट शोधणं. आपल्याकडच्या इन्स्टंटेनियस कपलिंगमध्ये (खटक्याने बसणारी जोडणी) पंपाचा डिलिव्हरी आउटलेट फीमेल (आत घेणारा), त्यात होजचं मेल (आत जाणारं) टोक बसतं. होजचं फीमेल टोक आगीकडे, त्यात पुढच्या होजचं मेल किंवा ब्रँच. म्हणजे जोडावर आलात की ज्या बाजूला सोडवायच्या खुंट्या असलेला जाड भाग लागतो, ती बाजू पंपाकडे, बाहेर. हातमोज्यातूनही कळतं. डोळे बांधून वीस-पंचवीस वेळा करून घ्या. तोंडी सांगून हे हातात उतरत नाही.

ह्यूस्टनकर

@शिट्टी, एक भर. अमेरिकेत आटे असलेली कपलिंग असतात आणि सगळं उलट: होजचं मेल टोक आगीकडे, नोझल फीमेल. त्यामुळे इथल्या व्हिडिओंमधला ‘बाहेरची वाट’ नियम तिकडे जसाच्या तसा शिकवला तर माणूस धुरात आगीकडे सरपटेल. तिकडच्या मुलांच्या फोनमध्ये हेच व्हिडिओ असतात म्हणून लिहिलं.

शिट्टी

अगदी. हे सांगायचं राहिलंच होतं.

गोणपाट

गॅस सिलिंडरच्या प्रात्यक्षिकाबद्दल माझी तक्रार आहे. ज्योत विझली की टाळ्या पडतात. ज्योत विझणं हा भाग सोपा आहे. गॅस बंद करता येणार असेल तरच ज्योत विझवायची, नाहीतर जळणारी ज्योत बरी, सिलिंडरवर पाणी मारून तो थंड ठेवा. विझलेली पण गळणारी टाकी जास्त घातक. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, मोरीच्या नळीतून खालच्या मजल्यावर जातो आणि तिथल्या फ्रिजच्या ठिणगीने पेटतो.

गोणपाट भिजवून पिळायचं नाही, ठिबकत असू दे. वरची कड स्वतःकडे दुमडून दोन्ही मुठी त्या घडीत गुंडाळायच्या, म्हणजे बोटं आगीकडे उघडी राहत नाहीत. गोणपाट ढालीसारखं समोर धरून वाऱ्याच्या बाजूने पुढे जायचं आणि व्हॉल्व्हवर आपल्या बाजूने पलीकडे टाकायचं. पलीकडून ओढून आणलं तर ज्वाळा अंगावर येते. मग गोणपाटाखालून रेग्युलेटरची चावी बंद. रेग्युलेटर काढता आला तर सुरक्षा टोपी बसवा, प्रात्यक्षिकाला ती टोपी कोणी आणतच नाही. १४.२ किलोचा सिलिंडर उभाच ठेवा. आडवा पडला की वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि तो साधारण अडीचशे पट फुगतो.

ट्रे पेटवून अग्निशामक वापरायला शिकवत असाल तर: ट्रेमध्ये खाली पाणी, वर डिझेल, पेटवण्यापुरतं पेट्रोल. अडीच-तीन मीटरवरून सुरुवात. जवळून मारलं की तेल ट्रेबाहेर उडतं. विझल्यावर पाठ फिरवायची नाही, उलट्या पावली मागे. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) अग्निशामकाच्या भोंग्याला उघड्या हाताने धरू नका, कातडी चिकटते.

कटर

अपघातग्रस्त गाडी कापण्याचं प्रशिक्षण भंगारातल्या जुन्या गाड्यांवर होतं, हीच त्यातली मेख. मारुती ८०० लोण्यासारखी कापली जाते. नव्या गाडीच्या मधल्या खांबात जास्त ताकदीचं पोलाद असतं, तिथे कटरचं पातं फिरतं, पिळवटतं. पातं नव्वद अंशात लावा. हत्यार वळायला लागलं की लगेच थांबा आणि पुन्हा बसवा. अंगाने दाबून धरायला जाऊ नका, आणि हत्यार व गाडी यांच्यामध्ये तर कधीच उभं राहू नका.

क्रम: आधी चाकांना ठोकळे, मग इग्निशन बंद, मग बॅटरी. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी. कारण गाडीचं सगळं अंग निगेटिव्हला जोडलेलं असतं, पॉझिटिव्ह सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी. बॅटरी काढली तरी एअरबॅग काही मिनिटं जिवंत राहू शकते, स्टिअरिंगसमोर तोंड नेऊ नका. खांब कापण्याआधी आतलं प्लास्टिक उचकटून बघा, पडद्याच्या एअरबॅगची गॅसची नळकांडी तिथे लपलेली असू शकते. केशरी वेष्टणाच्या तारा कुठल्याही परिस्थितीत कापायच्या नाहीत, त्या विजेवरच्या गाडीच्या उच्च दाबाच्या.

बाजूच्या काचा कोपऱ्यात पंच मारला की दाणेदार फुटतात. पुढची काच दोन थरांची, ती करवतीने कापावी लागते. आधी जखमीवर चादर टाका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात.

एकशेआठ

१०८ ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तांत्रिक गोष्टी अनेकांना येतात, ऑक्सिजनचं गणित येत नाही. बी-टाइप सिलिंडर म्हणजे साधारण १० लिटरची टाकी, १५० किलो दाबाला भरलेली: १५०० लिटर. काटा ७० वर आहे. २० शिल्लक ठेवा, उरले ५० गुणिले १० म्हणजे ५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने ५० मिनिटं. घाटातून जिल्हा रुग्णालय दीड तास लांब असेल तर निघतानाच दुसरा सिलिंडर हवा, हे प्रशिक्षणातच तोंडपाठ झालं पाहिजे. रेग्युलेटर लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून धूळ उडवा. तेलकट हात, ग्रीस, मलम रेग्युलेटरला लागू देऊ नका.

सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबणं. पुतळ्यावर टकटक आवाज आला की झालं, असं नाही. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर यायला हवी. चुका दोन ठिकाणी: दमल्यावर माणूस हातांवर रेलतो आणि छाती वर येत नाही, नाहीतर घाईत १४० पर्यंत जातो आणि दाब उथळ होतो. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमला नाही म्हणाला तरी. बदलाला पाच सेकंद पुरतात, दहाच्या वर थांबणं नको. पुतळा गादीवर ठेवून शिकवू नका, अर्धा दाब गादी खाते.

एक मराठी अडचण. आपले आकडे. ‘एक, दोन, तीन’ झटपट होतात, पण ‘एकोणीस, अठ्ठावीस, एकोणतीस’ म्हणता म्हणता लय मंदावते. दहापर्यंत तीनदा मोजायला लावा: पहिल्या दहाला ‘एक’, दुसऱ्याला ‘दोन’, तिसऱ्याला ‘श्वास’. तीस दाबांना दोन श्वास हे प्रमाण आपोआप जमतं.

श्वास द्यायची बॅग दाबताना पूर्ण पिळायची नाही. मोठ्यांच्या बॅगेत दीड लिटर मावतं, लागतात पाचशे-सहाशे मिलिलिटर. साधारण एक तृतीयांश, एका सेकंदात, छाती हलताना दिसेल इतकंच. जास्त हवा पोटात जाते, मग उलटी, मग श्वासनलिकेत. शक्य असेल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी. एकट्याने मास्क गळू न देणं जमतं त्यांना जमतं, बाकीच्यांना वाटतं.

हिरवी_चिठ्ठी

अनेक जखमींच्या ड्रिलमध्ये सगळे धावतात ओरडणाऱ्याकडे. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. पहिलं वाक्य मोठ्याने: ‘ज्यांना चालता येतं त्यांनी त्या झाडाखाली जा.’ एका वाक्यात हिरव्या चिठ्ठीचे, म्हणजे किरकोळ जखमी, बाजूला. उरलेल्यांना प्रत्येकी एक मिनिटाच्या आत: श्वास मिनिटाला ३० च्या वर तर लाल, म्हणजे तातडीचा. मनगटाची नाडी लागत नाही तर लाल. ‘डोळे मिटा’ म्हटल्यावर मिटत नाही तर लाल. तिन्हीत बसत नाही तर पिवळा, म्हणजे थोडा थांबू शकणारा. श्वास नाही, तर श्वासमार्ग मोकळा करून बघा. आला तर लाल, नाही तर काळा, म्हणजे मृत. काळ्या चिठ्ठीवर हात थबकतात, म्हणून ती चिठ्ठी ड्रिलमध्ये मुद्दाम जास्त वेळा काढा. या फेरीत इलाज फक्त दोन: श्वासमार्ग आणि वाहतं रक्त. टर्निकेट (रक्त थांबवायची आवळपट्टी) जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहा. सुतळी किंवा बारीक दोरी मांसात रुतते, पट्टी चार सेंटिमीटर तरी रुंद हवी.

पाठकणा

मोजण्यावरून आठवलं. लॉग रोलमध्ये (जखमीला ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर वळवताना) ‘एक, दोन, तीन’ म्हटलं की निम्मे तीनवर उचलतात, निम्मे तीननंतर. मान तेवढ्यात पिळते. डोकं धरणाराच हुकूम देणार, आणि शब्द आधी ठरवून: ‘तयार? वळवा.’ आकडे नकोतच. कुशीवर घेणारे तिघे एकाच बाजूला, हात एकमेकांवरून आलटून, खांदा, कंबर, मांडी. मानेच्या कॉलरचं माप खांद्यापासून हनुवटीच्या रेषेपर्यंत बोटांनी घ्या. डब्यात हाताला लागेल ती कॉलर घातली तर मान मागे ताणली जाते.

जखमीला ठेवायच्या बोर्डाचे पट्टे: आधी छाती, मग कंबर, मग पाय, डोकं सर्वांत शेवटी. डोकं आधी बांधलं आणि धड सरकलं तर सगळा भार मानेवर येतो. सोडताना याच कारणासाठी उलट, डोकं आधी.