इलेक्ट्रिक गिटार : पिकिंगचा वेग ९६ च्या पुढे जात नाही, मदत हवी आहे

वेगवेडा (धागाकर्ता)

नमस्कार. गेली चार वर्षे मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आहे. डावा हात बऱ्यापैकी चालतो, पण मेट्रोनोम (लय मोजून देणारे यंत्र) मिनिटाला ९६ मात्रांवर गेला की उजवा हात अडखळू लागतो. पिक (तार छेडायची छोटी चकती) तारेत अडकते, एखादा स्वर गिळला जातो आणि पुढची सगळी ओळ विस्कटते. ज्या क्लासला जात होतो तिथे आठ महिने एकच उत्तर मिळाले : सावकाश वाजवा, वेग आपोआप येईल. सावकाश वाजवताना तर काहीच चुकत नाही, मग सुधारायचे काय? तीन आठवड्यांनी ठाण्यात आमच्या बँडचा कार्यक्रम आहे आणि त्यातल्या एका सोलोत १२० च्या लयीत सलग ओळ वाजवायची आहे. कृपया नेमका उपाय सांगावा. ‘सराव करा’ एवढेच उत्तर नको, कारण सराव रोज दीड तास चालूच आहे.

जुनी_तार

९६ च्या लयीत मात्रेला किती स्वर वाजवता, तीन की चार? हात मनगटातून हलतो की कोपरातून? पिक किती जाडीचे आहे? यातले काहीच लिहिलेले नाही, त्यामुळे नेमका उपाय मागूनही तो कुणाला देता येणार नाही. तोवर एक सांगतो. मी बारा वर्षे ०.७३ मिमीचे पिवळे टॉरटेक्स पिक वापरले आणि जॅझ थ्री, म्हणजे १.३८ मिमीचे लहान पिक, हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात फरक पडला. पातळ पिक वाकते आणि वाकलेले पिक सरळ व्हायला लागणारा वेळ तुमच्या वेगातून वजा होतो.

ट्यूब_ॲम्प

सराव डिस्टॉर्शनवर (ॲम्पच्या फाटलेल्या, खरखरीत आवाजावर) करता का? तसे असेल तर निम्म्या चुका तुम्हाला ऐकूच येत नसतील. गेन (आवाज फाटवणारे बटण) पूर्ण उतरवा आणि पिकअपची (तारांखालच्या, त्यांचा आवाज टिपणाऱ्या भागाची) उंचीही तपासून घ्या. माझ्या गिटारचा पिकअप तारांच्या इतका जवळ होता की पिक त्यावर आपटत असे. दोन स्क्रू फिरवून तो खाली घेतला आणि आवाजही मोकळा झाला.

वेगवेडा

मात्रेला चार स्वर. हात मनगटातून हलतो. पिक १ मिमीचे आहे, त्यामुळे पिक बदलून काही होईल असे वाटत नाही. ॲम्पविषयी मी काही विचारलेले नाही. सराव क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायच्या आवाजावरच करतो. एकाच तारेवर वाजवले तर १३० पर्यंत सहज जातो. अडचण स्केल, म्हणजे सगळ्या तारांवरून जाणारी स्वरमालिका वाजवताना येते.

नादलुब्ध

एकाच तारेवर १३० आणि स्केलमध्ये ९६, ही या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे आणि ती पहिल्याच मजकुरात यायला हवी होती. याचा अर्थ तुमच्या हातात वेग आहे. अडचण एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना येते. आता दोन गोष्टी सांगा. स्केल कोणती आणि प्रत्येक तारेवर किती स्वर? आणि अडखळता ते प्रत्येक तार बदलताना की ठरावीक ठिकाणी? आठवून सांगू नका. फोनवर दहा वेळा रेकॉर्ड करा आणि मोजा.

सतारवाली

मी सतार वाजवते, तरीही लिहिते. आमच्याकडे मिजराबीच्या (बोटात घालायच्या नखीच्या) ‘दा रा’ बोलांवर पहिली दोन वर्षे जातात आणि दोन्ही बोलांचे वजन सारखे झाल्याशिवाय गुरुजी पुढे सरकू देत नाहीत. तुमचे अपस्ट्रोक (पिक वर नेत केलेला आघात) आणि डाउनस्ट्रोक (खाली आणत केलेला) कानाला सारखे लागतात का, हे आधी पाहावे.

नादलुब्ध

वजनाचा मुद्दा योग्य आहे, परंतु सतारीत राग मुख्यतः बाजाच्या, म्हणजे मुख्य तारेवरच उलगडतो, त्यामुळे तार ओलांडण्याचा हा प्रश्न तिथे एवढा तीव्र होत नाही. सरोदवादक जव्याने (त्यांच्या पिकने) एका तारेवरून दुसरीवर जातात, त्यांना तो नक्की ओळखीचा वाटेल.

वेगवेडा

जी मेजर, सहाव्या (सर्वांत जाड) तारेच्या तिसऱ्या फ्रेटपासून (पडद्यापासून), प्रत्येक तारेवर तीन स्वर, सुरुवात डाउनस्ट्रोकने. दहा वेळा रेकॉर्ड केले. अडखळतो ते जवळजवळ प्रत्येक वेळी सहावीवरून पाचवीवर, चौथीवरून तिसरीवर आणि दुसरीवरून पहिलीवर जाताना. पाचवी ते चौथी आणि तिसरी ते दुसरी या दोन्ही ठिकाणी एकदाही नाही. मला आजवर वाटत होते की चुका कुठेही होतात.

नादलुब्ध

मग दुखणे सापडले. तीन स्वरांमुळे सहाव्या तारेवर डाउन-अप-डाउन होते, पाचवीवर अप-डाउन-अप, चौथीवर पुन्हा डाउन-अप-डाउन. म्हणजे तुम्ही अडखळता त्या तिन्ही ठिकाणी शेवटचा स्ट्रोक डाउन आहे आणि जिथे सुटता तिथे तो अप आहे. पिकचा मार्ग तारांच्या पातळीला पूर्ण समांतर नसतो, तो किंचित तिरका असतो. तुमचे पिक वर जाताना तारांच्या बाहेर, मोकळ्या हवेत निघते आणि खाली येताना दोन तारांच्या फटीत शिरते. फटीतून पुढच्या तारेपलीकडे जायचे तर ते आधी उचलावे लागते. सावकाश लयीत हात ते गुपचूप उचलतो, म्हणून तिथे चूक दिसतच नाही. ९६ ला चार स्वर म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या आसपास, तिथे उचलायला वेळ उरत नाही.

पडताळणी सोपी आहे. तीच स्केल अपस्ट्रोकने सुरू करा. माझे म्हणणे खरे असेल तर चुका पाचवी-चौथी आणि तिसरी-दुसरी या जागी सरकतील.

वेगवेडा

आत्ताच करून पाहिले. चुका खरोखरच तिथे सरकल्या. डाउनस्ट्रोकनंतर हात जागीच थांबवून पाहिले, तर पिकचे टोक चौथ्या आणि तिसऱ्या तारेच्या मध्ये तिसऱ्या तारेला टेकलेले होते. अपस्ट्रोकनंतर थांबलो तर ते तारांच्या वर, कशालाही न लागता होते. आठ महिन्यांत हे मला कुणी दाखवले नाही, याचे वाईट वाटते. आता उपाय सांगा.

नादलुब्ध

तीन आठवड्यांत जमेल असा एकच उपाय मी सुचवेन. प्रत्येक तारेवर पहिले दोन स्वर डाउन-अप असे पिकने वाजवा आणि तिसरा डाव्या हाताने हॅमर-ऑन करा, म्हणजे पिक न लावता बोट तारेवर आपटून वाजवा. मग प्रत्येक तार अपस्ट्रोकनेच सुटेल आणि पिक कधीही फटीत अडकणार नाही. हे एकदा बसले की वर चढताना डाउनस्ट्रोक तसाच पुढच्या तारेवर ढकलण्याची इकॉनॉमी पद्धत शिका, कारण तुमचे पिक टेकते ती तार तुम्हाला पुढे वाजवायचीच असते. वेगवान गिटारवादक इंग्वे मालमस्टीन यांचे पिकही असेच तिरके चालते. या तिरकेपणाला पिकस्लँटिंग म्हणतात आणि गिटारवादक ट्रॉय ग्रेडी यांनी त्याचा फार बारकाईने अभ्यास केला आहे.

जुनी_तार

हॅमर-ऑनची सूचना मला मान्य नाही, ती पळवाट आहे. जॉन मॅक्लॉफ्लिन किंवा अल डि मिओला या गिटारवादकांच्या वेगवान ओळींत स्वर न् स्वर पिकने वाजतो आणि त्यातला धारदारपणा हॅमर-ऑनला येत नाही. सावकाश सरावालाही इतके कमी लेखू नये. मनगट सैल ठेवायला मी सावकाश वाजवूनच शिकलो.

नादलुब्ध

सैलपणासाठी सावकाश सराव हवाच, त्यावर वाद नाही. पण सावकाश लयीत हात एक हालचाल करतो आणि वेगात दुसरीच, त्यामुळे पहिली कितीही घोटली तरी दुसरी सुधारत नाही. म्हणून तार बदलण्याचे तेवढे सहा स्वर वेगळे काढून थेट ११० ला वाजवावेत, थांबावे, पुन्हा वाजवावेत. धारदारपणाचे म्हणाल तर हॅमर-ऑनचा स्वर थोडा मऊ येतो हे खरे आहे. फ्रेटवर बोट जोराने आपटले की तो बराच भरून निघतो.

ट्यूब_ॲम्प

आणि थोडा कंप्रेसर (मोठे-लहान आवाज सारखे करणारे उपकरण) लावला की उरलेला फरकही कमी होतो.

वेगवेडा

सहा दिवसांनी लिहितो आहे. चढताना ११२ पर्यंत एकही स्वर गिळला जात नाही. सतारवाली यांनी सांगितल्याप्रमाणे ऐकले, तेव्हा माझा अपस्ट्रोक खरोखरच दुबळा निघाला. त्यासाठी रोज दहा मिनिटे वेगळी ठेवली आहेत. मात्र सोलोत तीच ओळ उतरतेही, आणि उतरताना पुन्हा अडकतो.

नादलुब्ध

उतरताना तोच हिशेब उलटा मांडा. प्रत्येक तारेवर वरचे दोन स्वर डाउन-अप आणि तिसरा पुल-ऑफ (डाव्या हाताचे बोट तारेवरून काढून वाजवलेला), म्हणजे तार पुन्हा अपस्ट्रोकनेच सुटेल. पुल-ऑफ करताना बोट नुसते उचलू नका, तारेला किंचित खाली खेचून सोडा, नाहीतर जाड तारांवर तो स्वर ऐकूच येणार नाही. आधी पहिली आणि दुसरी या दोनच तारांवर बसवा. कार्यक्रम झाल्यावर इथे लिहा.