मदत हवी आहे : पटकथा निर्मात्यांपर्यंत कशी पोहोचवावी?

नमस्कार. मी वडसा-देसाईगंज परिसरात राहतो. दिवाळीनंतर रंगणाऱ्या, आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांवर मी पटकथा लिहिली असून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणीही केली आहे. खरी अडचण पुढे आहे. निर्मितीसंस्था एका पानाचा गोषवारा मागतात आणि तो पाठवला की उत्तरच येत नाही. एका ठिकाणी तर निम्मी कथाही न ऐकता ‘संवाद पुणेरी करा’ असे सांगण्यात आले, जे मला मुळीच मान्य नाही, कारण धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसाची बोली काढून घेतली तर पात्रच उरत नाही. कॉपीराइट मांडणीला मिळतो, नुसत्या कल्पनेला नाही. मग गोषवाऱ्यात शेवट उघड करावा का? मुंबईत ओळख नसताना आधी दिग्दर्शकाला गाठावे की निर्मात्याला? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.