विषय: ऑगस्टची सायकल सहल – रोझडेल की रॅव्हन्सकार?

पराग:

मंडळी, नमस्कार!

गणपतीच्या तयारीला सगळे जुंपले जाण्याआधी, म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, सायकली काढायच्या का? इथल्या नॉर्थ यॉर्क मूर्सच्या उघड्या माळावर हेदर (जांभळ्या फुलांची झुडपं) तेव्हा ऐन भरात असतं. माझ्या मनात रोझडेल आहे. ब्लेकी रिजवर लायन इन या पबच्या आसपास गाड्या लावायच्या आणि लोहखनिजाच्या जुन्या रेल्वेच्या वाटेने दरीच्या कडेकडेने फिरायचं. १८६१ ते १९२९ इथे मालगाड्या धावत होत्या. रूळ कधीच गेले, पण खनिज भाजायच्या भट्ट्यांच्या दगडी कमानी अजून उभ्या आहेत. सगळं हजार फुटांच्या वर, तरी वाट रेल्वेची म्हणून जवळजवळ सपाट. दम उरला तर पुढे ब्लोवर्थ क्रॉसिंगपर्यंत जाऊ.

खडीच्या वाटेवर चालणारी नवीन ग्रॅव्हल बाइक घेतलीय, तिला अजून मुरूम म्हणजे काय ते माहीत नाही. कोण कोण येतंय?

– पराग, लीड्स

नाना:

> वाट रेल्वेची म्हणून जवळजवळ सपाट

पराग, अरे, सपाट आहे ती वर पोचल्यावर! वर पोचायचं कसं हा प्रश्न त्या रेल्वेवाल्यांनाही पडला होता. ब्लोवर्थच्या पलीकडे इंगल्बी इनक्लाइन हा उतार आहे, सगळ्यात खडा भाग ५ ला १, म्हणजे पाच फूट पुढे तर एक फूट वर. तिथे इंजिन चालतच नसे. भरलेले डबे दोराला बांधून खाली सोडायचे आणि त्यांच्याच वजनाने रिकामे डबे वर ओढून घ्यायचे. इंजिनं कायम वर माळावरच राहायची, मोठ्या दुरुस्तीपुरती खाली यायची. आणि त्या भट्ट्या का? खनिज भाजलं की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वजन घटतं, वाहायला माल कमी. हिशेबी माणसं होती.

जागा सुंदरच आहे, नाही म्हणत नाही. पण आपल्यात सातवीतली पोरं आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले दोघं आहेत (एक मी). त्या माळावर वारा सुटला की आडोशाला एक झाड नाही. पाऊस आला तर मेंढ्यांकडे बघत उभं राहायचं.

माझं मत सिंडर ट्रॅकला, तीही बंद पडलेल्या रेल्वेचीच वाट. स्कारबरो ते व्हिटबी, २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर. लाइन १८८५ ला सुरू झाली, मार्च १९६५ मध्ये बंद. रुळांखाली फोडलेल्या दगडाऐवजी जळक्या कोळशाचा चुरा अंथरला होता, म्हणून हे नाव. क्लॉटनपर्यंत शेतं, मग हेबर्न वाइकचं रान, इतकं दाट की भर दुपारी संध्याकाळ वाटते. रान संपलं की डोकं वर काढावं तर रॅव्हन्सकार, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला माळ.

आता माझा विषय. रॅव्हन्सकारला दक्षिणेकडून चढ आहे ४१ ला १, उत्तरेकडून ३९ ला १. आपला बोरघाट ३७ ला १! कर्जतला गाडी थांबायची, मागून बँकर इंजिन लागायचं, वडेवाला आणि बँकर दोघांची वेळ एकच. इथे मागून ढकलायला कोणी नव्हतं. समुद्रावरून धुकं आलं की रूळ ओले, चाकं जागच्या जागी फिरायची. सायकलवर हा चढ जाणवत नाही, फक्त संपत नाही. आपण फारच नालायक झालो की काय असं वाटायला लागतं, तेव्हा मागे वळून बघायचं.

रॅव्हन्सकारची आणखी एक गंमत. १८९० च्या दशकात एका कंपनीने तिथे हवा खायचं शहर वसवायचं ठरवलं. रस्ते आखले, गटारं घातली, प्लॉट विकायला काढले. सी व्ह्यू, एनए, स्टेशनला लागून! फक्त समुद्र शेकडो फूट खाली, कड्याखाली, आणि किनारा सगळा खडकाळ. शहर झालंच नाही. गवतातले रस्ते अजून दिसतात. माझ्या मेव्हण्याने शहापूरजवळ असाच प्लॉट घेतलाय, त्याला मी फोटो पाठवला होता. उत्तर आलं नाही.

– नाना, यॉर्क

मुक्ता:

नाना, प्लॉटवरून हसून हसून मेले.

मी गेल्या वर्षी सिंडर ट्रॅक केला, म्हणून थोडं जमिनीवरचं. तो ‘एकसारखा’ नाही. काही तुकडे नव्याने केलेत, तिथे पोरांच्या सायकलीही मजेत जातील. काही ठिकाणी मुळं वर आलीत आणि रानात पावसानंतर काळा चिखल. ४० मिलिमीटरचे टायर असतील तर उत्तम, आणि पराग, कृपा करून हवा दगडासारखी भरू नकोस. मी तेच केलं होतं, हाताला रात्रीपर्यंत मुंग्या.

पंक्चरही झालं. खिळा नाही, काच नाही. कडेचं हॉथॉर्नचं कुंपण छाटलं होतं आणि त्याचा काटा आत गेला होता. पाऊण इंच, बाभळीच्या काट्याचा मावसभाऊ. ट्यूब बदलली, काटा टायरमध्येच राहिला, दुसरी ट्यूबही गेली. टायरच्या आतून बोट हळूच फिरवून बघा, मगच नवीन ट्यूब घाला. शेवटचे सहा किलोमीटर मी ढकलत चालले. नानांच्या बँकरची फार आठवण झाली.

रॅव्हन्सकारच्या पुढचा बोगदा बंद आहे, वाट त्याला वळसा घालून उतरते. उतारावर पोरांना पुढे सोडू नका, समोरून कुत्री आणि माणसं येतात.

आणि माळावर जायचंच असेल तर नकाशा बघून. इंग्लंडमध्ये पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडे जातात आणि १९६८ च्या कायद्यापासून सायकलीही. मात्र घोड्याला आणि चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. उघडा माळ दिसला म्हणून कुठूनही सायकल घालायची मुभा इथे नाही, ती स्कॉटलंडमध्ये. त्यातून १२ ऑगस्टपासून ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, बंदुकांचे आवाज आले तर घाबरू नका.

– मुक्ता, शेफील्ड

स्मिता:

मंडळी, वाचतेय सगळं. मला दोनच प्रश्न. खायचं काय आणि परत कसं यायचं?

छोटा गॅस घेऊन जाऊ, वर रॅव्हन्सकारला गरम वडे काढू, असं माझ्या डोक्यात आहे. व्हिटबीला पोचून फिश अँड चिप्सचा बेत कोणी मांडायच्या आत सांगते, श्रावण आहे. निदान आमच्या घरात तरी.

– स्मिता

नाना:

वहिनी, वड्यांना माझा कधी विरोध असेल का? पण माळाजवळ गॅस नको. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लँगडेल मूरला लागलेला वणवा आठवतोय ना? तिथे पीट आहे, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची माती, ती जमीनच जळते. वर विझल्यासारखं दिसतं आणि खाली धुमसत राहतं. त्यात दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले गोळे तापून फुटत होते. वडे घरूनच तळून आणा, गार वडा आणि लसणाची चटणी चालेल. चालेल काय, धावेल.

परतीचं: व्हिटबीहून स्कारबरोला थेट रेल्वे नाही. ती असती तर आपण तिच्यावरून सायकल चालवली नसती. दोन गाड्या आदल्या दिवशी व्हिटबीला ठेवू, चालक लोक त्यातून स्कारबरोला येऊन बाकीच्या गाड्या घेऊन जातील. व्हिटबीच्या आधी लारपूलचा विटांचा पूल येतो, १३ कमानी, खाली एस्क नदी, उंची १२५ फूट. तिथे सगळ्यांनी थांबायचं, फोटो माझा एकट्याचा आधी.

मंडळाचा बॅनर नको. वारा आहे.

– नाना

पराग:

ठीक आहे, बहुमतापुढे मान तुकवतो. शनिवारी सिंडर ट्रॅक. ज्यांच्या पायात ताकद उरेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्याबरोबर ब्लेकी रिजला यावं, निळे बाण बघून जाऊ. आतापर्यंत मुक्ता आणि मी. नाना, तुम्ही लायन इनमध्ये बसून आमची वाट बघायची.

नावं बुधवारपर्यंत कळवा. प्रत्येकाने दोन ट्यूब, पंप, पातळ रेनकोट. आणि मुक्ताने सांगितलेल्या कुत्र्या-माणसांसाठी घंटी. ग्रॅव्हल बाइकवर घंटी लावणं कमीपणाचं मानतात म्हणे. मी काल पितळेची लावली. अंगणात वाजवून बघितली तर आतून आई म्हणाली, दूध अर्धा लिटरच घे रे.

– पराग