ई-सायकली गाडीला लावून सुट्टीला जाताना: तुमचे अनुभव लिहा

‘बाईक’ लिहिलं की मोटारसायकलच डोळ्यांसमोर येते, म्हणून आधीच सांगते: विषय आहे पेडल मारायच्या, बॅटरीवाल्या सायकलींचा. सुट्टीवर त्या गाडीबरोबर न्यायच्या कशा?

आम्ही पहिल्यांदा निघालो ते साध्या सायकलींच्या सवयीने, आणि दारातच अडलो. आमचं जुनं कॅरियर डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचं. त्यावरचं स्टिकर इतक्या वर्षांत कुणी वाचलंच नव्हतं: एका सायकलीचं वजन जास्तीत जास्त १५ किलो. नवऱ्याने घरातला वजनकाटा आणला, आधी स्वतः उभा राहिला, मग सायकल कवेत घेऊन उभा राहिला. फरक २४ किलो! सायकली घरीच राहिल्या. मुलगी अर्धा रस्ता आमच्याशी बोलली नाही.

आता नवीन कॅरियर घ्यायचं आहे. तुमचं काय फसलं, काय जमलं ते लिहा. जाहिरातीतली वाक्यं नकोत, भोगलेलं सांगा.

* * *

काटा काढलात हे बरं केलंत. पण बेरीज तीन ठिकाणी करावी लागते. आम्ही एकाच ठिकाणी केली होती.

कॅरियरची एका सायकलीची मर्यादा वेगळी, सगळ्या मिळून वेगळी, आणि टो-बारच्या, म्हणजे ट्रेलर ओढायला गाडीच्या मागे बसवलेल्या दांड्याच्या, गोळ्यावर उभा भार किती चालतो ते तिसरंच. हा तिसरा आकडा गाडीच्या पुस्तिकेत आणि टो-बारवरच्या पट्टीवर असतो. दोन्हींत फरक असेल तर लहान आकडा खरा. आमचा ७५ किलो. त्यातले १८ किलो कॅरियरनेच खाल्ले, उरले ५७. आमच्या दोन ई-सायकली प्रत्येकी २५ किलोच्या, आणि धाकट्याची साधी सायकल ११ किलोची. झाले ६१. म्हणजे चार किलो जास्त. मग बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या. एकेक सव्वातीन किलोची, त्यामुळे ५४.५ वर आलो. अडीच किलो शिल्लक बघून सासरे म्हणाले, “मग पंप आणि कुलूप राहू दे की सायकलीलाच.” राहू दिलं नाही.

खोक्यावर ‘चार सायकलींसाठी’ लिहिलेलं असतं ते खाचांबद्दल असतं, वजनाबद्दल नव्हे. आणि सगळ्यात जड सायकल गाडीच्या सगळ्यात जवळ. लांब ठेवली की तेच वजन टो-बारला जास्त पिळतं.

* * *

टपावर एकदाच चढवली. दोघांनी मिळून २२ किलो खांद्याच्या वर नेताना पेडल काचेवर घासलं, तो ओरखडा अजून आहे. शिवाय टपावरची बरीच कॅरियर एका सायकलीला २० किलोपर्यंतच चालतात. परत नाही.

* * *

आमची गोष्ट वजनाची नाही, किल्लीची आहे.

सगळं अगदी यादीप्रमाणे केलं होतं. बॅटऱ्या काढून टॉवेलात गुंडाळल्या, चार्जर घेतले, हँडलवरचे डिस्प्ले काढून डब्यात ठेवले. मुक्कामी पोचल्यावर बॅटऱ्या खट्‌कन बसल्या, संध्याकाळी मस्त चक्करही झाली. रात्री चार्जिंगला वर न्यायला गेलो तेव्हा कळलं की बसवायला किल्ली लागत नाही, काढायला लागते! आणि किल्ल्या घरी, दाराशेजारच्या खिळ्यावर. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या रात्री मी आणि मेव्हण्याने एक सायकल अख्खी वर नेली. दुसरी न्यायचं त्राण नव्हतं. घरमालकांना दया आली, त्यांनी खालच्या पडवीतला सॉकेट दिला.

खरी पंचाईत परतताना. आता बॅटऱ्या सायकलीतच, म्हणजे वरच्या उत्तरातलं गणित आमच्या अंगावर आलं. शेवटी एक सायकल मागचं सीट पाडून आत आडवी घातली आणि मेव्हणा रेल्वेने आला. अजून ऐकवतो.

आता एक किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातच असते. किल्लीवर बारीक नंबर कोरलेला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, बऱ्याच कुलपांची नवी किल्ली त्यावरून बनवून मिळते.

* * *

आडवी घालण्यावरून आठवलं. आम्ही नेहमी आतच नेतो, दोन सायकली, मध्ये जुनी गोधडी. गिअरची बाजू वर, पुढचं चाक काढून. मागच्या चाकात मोटर असेल तर त्या चाकाच्या वाटेला जाऊ नका, वायरीचा जोड आणि नट सोडवत बसण्यात सुट्टी जाईल.

एकदा चाक काढून ठेवलं होतं आणि आमच्या सहा वर्षांच्या पोराने कंटाळून ब्रेकचा लिव्हर दाबला. दोनतीनदा दाबला असावा, कबूल एकदाच केलं. ऑइलवाले डिस्क ब्रेक. मध्ये चकती नसली की पॅड एकमेकांकडे सरकतात आणि मागे जात नाहीत. मुक्कामी चाक बसवायला गेले तर चकती आत शिरेना. फटीत नख जाईल एवढीच जागा. टायर काढायची प्लास्टिकची पट्टी घालून, हलक्या हाताने, एका बाजूने थोडं, मग दुसऱ्या बाजूने थोडं, असं करत पॅड मागे ढकलले. स्क्रू ड्रायव्हर घातला असता तर पॅड गेले असते. आता चाक काढलं की लगेच दुमडलेला पुठ्ठा फटीत जातो. तो पुठ्ठा पोरगाच सांभाळतो.

* * *

पावसाबद्दल कुणी लिहिलं नाही. बॅटरी काढली की तिच्याखालची, सायकलीवरची पितळी टोकं उघडी पडतात. विकणारा म्हणाला होता, “काही होत नाही, पावसातच चालवायची असते ना?” चालवताना तिथे बॅटरी असते हो! आणि पाऊस वरून पडतो. हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेलं पाणी शंभरच्या वेगाने बाजूने घुसतं. दुसऱ्या दिवशी सायकल सुरूच होईना. टोकं पुसून, दिवसभर वाळवून चालू झाली. पण पुढे त्यावर हिरवट थर आला, तो साफ करून घ्यावा लागला.

आता तेवढ्याच जागेवर प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी. अख्ख्या सायकलीवर कव्हर चढवू नका. आमच्या कॅरियरच्या माहितीपत्रकात त्याला सरळ मनाई आहे, कारण त्याचं शीड होतं आणि वारा कॅरियर ओढत राहतो. मुलाची मागची खुर्ची, बास्केट, बाजूच्या पिशव्या, सगळं उतरवायचं.

* * *

आई-बाबा दोघांनीही साठी ओलांडली आहे, कंबर दोघांची दुखते. त्यांच्यासाठी कॅरियरला जोडायची उतरती पट्टी घेतली. बहुतेक ई-सायकलींना हाताने ढकलताना मदत करणारं बटण असतं. ते दाबून धरलं की सायकल आपणच हळूहळू पट्टी चढते. पहिल्यांदा बाबांनी बटण सोडलंच नाही, सायकल मागच्या काचेकडे निघाली आणि आईने सीट धरून ओढली. मात्र बटण चालायला बॅटरी हवी, म्हणजे आधी चढवायची आणि मग बॅटरी काढायची. या क्रमावरून आमच्याकडे दर वेळी वाद होतो.

आणखी एक. आईची सायकल बिनदांड्याची, आणि बाबांच्या सायकलीत बॅटरीमुळे खालची नळी एवढी जाड की कॅरियरचा चिमटा मावेना. आईच्या सायकलीला सीट आणि हँडल यांच्यात लावायची आडवी दांडी मिळते, ती घेतली. बाबांसाठी मोठा चिमटा. कॅरियर घेताना सायकली घेऊनच जा.

* * *

सायलेन्सरचं तोंड कुठे आहे ते बघा. आमच्या एका सायकलीचं मागचं चाक बरोबर त्याच्यासमोर आलं होतं. तीन तासांनी टायरचा तेवढा भाग मऊ होऊन बसला होता.

पट्टे वीसेक किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचे. आम्ही दरवेळी आवळतो आणि दरवेळी एक तरी सैल निघतो.

* * *

काढलेल्या बॅटऱ्या ठेवता कुठे? मागच्या काचेखाली ठेवू नका. बंद गाडी उन्हात भट्टी होते आणि लिथियम बॅटरीला ती उष्णता मानवत नाही. आम्ही सीटखाली, टोकांना टोपण लावून, पूर्ण चार्ज न करता ठेवतो. आपटलेली बॅटरी मुकाट्याने चार्जिंगला लावायची नाही, आधी दाखवून आणायची. आमची एक पायरीवरून पडली तेव्हा मुलगा म्हणाला, “चालतेय ना?” चालतेय हा पुरावा नव्हे.

पुढच्या वर्षी विमानाने जाऊ म्हणणाऱ्यांसाठी: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करून बघा. आमची ३६ गुणिले १४, म्हणजे ५०४ वॅट-तास. प्रवासी विमानात १०० पर्यंत चालते, १६० पर्यंत कंपनीच्या परवानगीने. विषय संपला.

* * *

सगळं वाचून मला वाटतं, तिथे जाऊनच भाड्याने घ्याव्यात.

* * *

घेतल्या होत्या. चौघांना पुरतील एवढ्या आहेत असं फोनवर सांगितलं, प्रत्यक्षात मुलीच्या उंचीची एकही नव्हती. तेव्हापासून कॅरियर.

* * *

मूळ प्रश्न मीच विचारला होता. परवा पहिला प्रवास झाला. टो-बारचं कॅरियर घेतलं, दोन ई-सायकली घेऊन दुकानात गेलो आणि तिथेच लावून बघितल्या. नंबर प्लेट पूर्ण झाकली गेली, म्हणून कॅरियरच्या दिव्यांच्या पट्टीवर दुसरी लावली. नवरा ब्रेक दाबत राहिला, मी मागे उभी राहून एकेक दिवा तपासला. डावीकडचा इंडिकेटर लागेना, प्लग अर्धाच बसला होता. किल्ल्या माझ्या गळ्यात. पहिल्या थांब्यावर पट्टा खरंच सैल निघाला.

आता एकच उरलंय. रिव्हर्स घेतला की मागचा सेन्सर कॅरियरलाच भिंत समजून अखंड कोकलतो. मुलीने कानात बोटं घातली होती. काय करायचं?

* * *

काही गाड्यांत कॅरियरचा प्लग लावला की तो आपोआप बंद होतो. तुमचा होत नाही म्हणजे डॅशबोर्डवर सेन्सर बंद करायचं, ‘पी’ लिहिलेलं बटण शोधा. आणि मग मुलीला खाली उतरवून मागे उभं करा, बाजूला, ड्रायव्हरला आरशात दिसेल अशी. गाडी तीन-चार फूट लांब झालीय हे सांगायला आता कुणीतरी हवंच.