विनोदी जादुई रहस्य-कादंबऱ्या: मुलांसाठीचं पुस्तक मोठ्या माणसाने कसं वाचावं?

पिंपळपान:
नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या, जादू आणि विनोद असलेल्या रहस्य-कादंबऱ्यांबद्दल विचारायचं आहे. सुरुवात मस्त होते, पण शेवटी दोन तक्रारी उरतात. एक, मंत्र म्हटला की काहीही घडू शकत असेल तर तर्क लढवायचा कशावर? दुसरी, निम्म्या पुस्तकानंतर विनोद पोरकट वाटू लागतो. मुलांचं पुस्तक म्हणून सूट द्यायची, की वाचायची पद्धत बदलायची? 'लहान होऊन वाचा' हा सल्ला कृपया नको, नेमकं काय करायचं ते सांगा.

कंदील:
सूट अजिबात देऊ नका. चांगली पुस्तकं ती मागतही नाहीत.

पहिली तक्रार जुनी आहे. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातल्या दुसऱ्याच नियमाने अलौकिक शक्तींना बंदी घातली होती. आठवा नियम असा की गुप्तहेराला मिळालेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. जादुई रहस्यकथा दुसरा नियम उघडपणे मोडते, म्हणून तिला आठवा दुप्पट काटेकोरपणे पाळावा लागतो. त्यामुळे जादूने काय होतं याकडे कमी, आणि काय होत नाही याकडे जास्त लक्ष द्या. कोडं त्या मर्यादेवर उभं असतं.

समजा, दुसऱ्या प्रकरणात एक झाडू कुरकुरतो, 'भिजलो की मी हात-दोन हातसुद्धा उडत नाही, सर्दी होते मला.' आपण हसून पुढे जातो. विसाव्या प्रकरणात एक चेटकीण सांगते की मुसळधार पावसात ती झाडूवरून थेट घरी गेली. खोटं तिथेच पकडता येतं आणि त्यासाठी कुठलाही मंत्र लागत नाही.

एक कागद मधोमध दुमडा. डावीकडे फक्त जादूच्या मर्यादा लिहा, उजवीकडे 'त्या वेळी मी कुठे होतो' याबद्दल प्रत्येक संशयिताने केलेला दावा, दोन्हीकडे पान क्रमांक टाकून. बाकी काही लिहू नका. दिसेल ते टिपत गेलं की कागद भरतो, वाचनाची लय तुटते आणि विनोद मरतो. मर्यादा बहुधा चार-पाचच निघतात. ऐन शेवटी नवीनच मंत्र काढून गुन्हेगार पकडला, तर दोष लेखकाचा. तिथे तुमची तक्रार रास्त.

मधली ओळ:
कंदील यांच्या झाडूवरूनच पुढे सांगते. तो दुवा निसटतो कारण तो विनोदात ठेवलेला आहे. या प्रकारात विनोद ही दुवा लपवायची मुख्य जागा असते. हसू आलं की वाचक ते वाक्य 'झालं' म्हणून सोडून देतो.

तीन वस्तूंच्या याद्या बघा. 'टेबलावर शिंकणारी बरणी, कुलूप नसलेली किल्ली आणि स्वतःलाच रागावून पत्रं लिहिणारा पोपट होता.' हसू शेवटच्या वस्तूवर येतं, म्हणून कामाची वस्तू अनेकदा मधे दडवलेली असते. दुसरी खूण, पुन्हा पुन्हा येणारा विनोद. एखादं भूत दर वेळी त्याच भिंतीला धडकत असेल आणि एकदाच आरपार गेलं, तर तिथे थांबा. भिंत बदलली आहे, नाहीतर भूत.

पोरकटपणाचं म्हणाल तर बऱ्याचदा कारण वेग असतो. या पुस्तकांत संवाद दोन-चार शब्दांचे असतात, सरावलेली नजर त्यांवरून घसरते आणि फक्त घटना गोळा करते. विनोद संवादांमधल्या थांब्यांत असतो. संवादाची पानं ओठ हलवत किंवा मोठ्याने वाचा, उरलेली नेहमीच्या वेगाने. मोठ्याने वाचूनही एखादा विनोद सपाट वाटला, तर तो खरंच सपाट आहे.

कागदाबाबत मात्र मी असहमत. पहिल्या वाचनात काही लिहू नये, संशय आला तिथे नुसती खूण घालावी.

पिंपळपान:
आणि उलगड्याच्या आधी थांबायचं कुठे? ई-पुस्तकात तर मागे-पुढे करणं कटकटीचं होतं.

जुनी जिल्द:
गुप्तहेर सगळ्यांना एकत्र बोलावतो किंवा 'आता कळलं!' म्हणून धावत सुटतो, त्या प्रकरणाच्या शेवटी पुस्तक मिटा. कोणी केलं, कसं केलं आणि कुठल्या मर्यादेमुळे तो पकडला जाईल, या तीन प्रश्नांची उत्तरं ठरवा. तिसरं देता आलं नाही तर पहिलं उत्तर निव्वळ अंदाज आहे.

ई-पुस्तकाची एक खोड लक्षात ठेवा. ते बहुतेक वेळा थेट पहिल्या प्रकरणावर उघडतं, त्यामुळे आधीचा नकाशा आणि पात्रांची यादी निसटते. मागे सरकून ती आधी बघा. प्रकरणांची नावं मात्र सुरुवातीला वाचू नका, त्यांतून पुढचं फुटू शकतं. शोधाची सोय पूर्ण वाचून झाल्यावर वापरा: गुन्हेगाराचं नाव टाकून त्याचे सगळे उल्लेख ओळीने वाचा. लेखकाने कुठे कुठे समोरच ठेवलं होतं ते दिसतं, आणि मोठ्या वाचकाला सगळ्यात जास्त मजा या फेरीत येते. श्राव्य पुस्तक पहिल्या वाचनाला टाळा. वाचणाऱ्याचा आवाज कधीकधी संशयित आधीच उघडा पाडतो.