एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गंजतोय, काय करू? (बजेट १२,०००)

दिवाळ्याचा_पोर: बोट जुनी, डिझेल इंजिन थेट खाडीच्या पाण्यावर थंड होणारं. पावसाळी मासेमारी बंदीत बोट वर आहे म्हणून एल्बो (मॅनिफोल्डच्या पुढचा वाकडा पाइप, जिथे थंड करून आलेलं पाणी धुरात मिसळतं) खोलला. आत गंजाचे पापुद्रे, पाण्याची वाट निम्मी बुजलेली, गॅस्केटच्या (सांध्यातल्या पॅकिंगच्या) कडेला खड्डे. मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) हातोडीने ठोकला की अजून टणटण वाजतो. एल्बो बदलतोच, पण पुढे गंज कसा रोखू? नवीन इंजिन घे असं सांगू नका.

तांडेल_करावे: नवीन इंजिनच घे. मी कूलंटवालं घेतलं, मॅनिफोल्डला खारं पाणी लागतच नाही. दोन-अडीच लाख जातील, पण डोक्याला ताप नाही.

दिवाळ्याचा_पोर: दादा, बजेट वाचलंत का?

वागळे_टर्नर: स्टेनलेसचा एल्बो बनवून घे. आमच्याकडे भंगारातला पाइप होता, चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३१६ (खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टेनलेस). झकास चाललाय.

ऐरोली_फिटर: चुंबक ३०४ लाही (साध्या स्टेनलेसलाही) चिकटत नाही हो! खाऱ्या पाण्यात ३०४ ला बारीक भोकं पडतात, वेल्डिंगजवळ तर आधी. आणि ३१६ चा एल्बो बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) मॅनिफोल्डवर बसवला, मध्ये खारं पाणी, की बीडच आधी खाल्लं जाणार.

वागळे_टर्नर: माझा अजून फुटला नाही.

कोपरी_काका: हल्लीच्या डिझेलमुळे गंजतंय सगळं. पूर्वी असं नव्हतं.

ऐरोली_फिटर: काका, उलट आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंजवणारं गंधक १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), आधी ५० होतं. कमीच झालं. खातंय ते मीठ.

सारसोळे_नाखवा: गोड्या पाण्याने धू. बाकी सगळं नंतर. पाणी खेचणारा पाइप पिंपात टाक, पिंप नळावर भरत ठेव आणि इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं खेचू दे. इंजिन बंद असताना नळी लावू नकोस. पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि मागे चढून सिलिंडरमध्ये उतरतं. आमच्या गावात एकाने तसंच केलं, स्टार्टर मारला आणि कनेक्टिंग रॉड वाकला.

तांडेल_करावे: हेच म्हणतो, गोड्या पाण्याने धू. (कूलंटवाल्याला तेवढं टेन्शन नसतं.)

कोपरी_काका: संडास धुवायचं ॲसिड टाक, गंज उतरतो.

ऐरोली_फिटर: गंजाबरोबर बीडही उतरतं काका. उरलेला पत्रा कागदाएवढा राहिला तर पुढच्या भरतीला बोटीत पाणी.

बेलापूर_बोटवाली: आम्ही वरून सिल्व्हर पेंट मारतो. दिसायला छान, आतून मात्र तसाच कुजतो. झिंक (स्वतः आधी गंजून लोखंड वाचवणारा जस्ताचा तुकडा) लावलं असेल तर बदल, पण ते आपल्या आसपासचंच राखतं, एल्बोपर्यंत पोचत नाही. एल्बो दरवर्षी खोलून बघ. सांध्यावर तांबडे ओघळ, नेहमीपेक्षा जास्त पांढरी वाफ, किंवा ऑइल दुधाळ, यातलं काहीही दिसलं तर किनाऱ्याला ये.

वागळे_टर्नर: ३०४ असो की ३१६, पाइप मी आणून देतो.

दिवाळ्याचा_पोर: सगळ्यांचे आभार. बाबा म्हणतात बिडाचाच एल्बो घ्यायचा आणि बंदीत दरवर्षी खोलायचा. साडेनऊ हजारांत मिळतोय, घेतला. झिंक लावायला जागाच नाही. उरलेल्यात पिंप आणि तांब्याची गॅस्केट बसते. पण मॅनिफोल्डचं गॅस्केट बसायचं तोंड थोडं खाल्लंय, रबाळ्यात फेसिंग (तोंड घासून सपाट) करणारा कोणी माहीत आहे?

तांडेल_करावे: नवीन इंजिन घेतलं असतंस तर फेसिंग लागलंच नसतं.