सल्ला हवा: पिवळा खडा पुष्कराज की सुनेला, घरी कसं ओळखायचं?

कर्वेनगरकर: लक्ष्मी रोडवर ६.४० कॅरेटचा सुटा पिवळा खडा पाहिलाय. तोंडी पुष्कराज म्हणतात, बिलावर मात्र 'पिवळा खडा' एवढंच लिहून देणार. भाव सुनेल्यापेक्षा बराच जास्त. दोन दिवस घरी ठेवायला दिलाय. काय काय तपासू?

बेसाल्ट: अंगठीत बसवण्याआधी विचारलंत ते बरं, सोन्यात बसलेल्या खड्याची घनता काढता येत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा पॉकेट काटा घ्या. कोरडा खडा १.२८ ग्रॅम भरायला हवा. मग पाण्याचा छोटा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि खडा बारीक नायलॉन दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. तळाला किंवा कडेला टेकला की आकडा गेला. काटा जे दाखवेल त्यानं १.२८ ला भागा, ती घनता. सुनेला म्हणजे सिट्रीन, पिवळा क्वार्ट्झ, घनता २.६५, त्यामुळे काट्यावर ०.४८ च्या आसपास दिसेल. टोपाझ असेल तर ०.३६, पिवळा सफायर, म्हणजे खरा पुष्कराज, असेल तर ०.३२. खड्याला बुडबुडे चिकटले तर घनता खोटी कमी येते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. सुती दोरा नको, त्यात हवा अडकते.

मीनाक्षी_पु: काचही नेमकी २.६५ घनतेची निघू शकते, म्हणून एवढ्यावर थांबू नका. लॅपटॉपच्या एलसीडीवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगलची काच त्यासमोर फिरवत पडदा काळा होईल तिथे थांबा. दोन्हींच्या मधे खडा धरून सावकाश फिरवा. क्वार्ट्झ एका फेरीत चारदा उजळतो, चारदा काळवंडतो. काच बहुधा काळीच राहते, फार तर वेडेवाकडे पट्टे दिसतात. पण प्रकाश-अक्षाच्या (स्फटिकातल्या एका ठरावीक रेषेच्या) दिशेनं पाहिलं तर क्वार्ट्झही उघडझाप करत नाही, तेव्हा किमान तीन बाजूंनी पाहा. टोपाझ आणि सफायरही अशीच उघडझाप करतात, म्हणून दोन्ही चाचण्या लागतात. १०एक्स लूपखाली (दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली) गोल बुडबुडे किंवा पाकासारख्या लहरी दिसल्या तर ती काच.

कर्वेनगरकर: दोनदा मोजलं, ०.४८ आणि ०.४९. उघडझाप स्पष्ट आहे. म्हणजे नैसर्गिक सुनेला?

बेसाल्ट: पुष्कराज नक्की नाही, टोपाझही नाही. काचही बाद. क्वार्ट्झ असण्याची शक्यता सर्वांत जास्त, पण स्कॅपोलाइट आणि पिवळा बेरिल या दुसऱ्या खनिजांची घनता इतकी जवळची आहे की या काट्यावर फरक कळणार नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात प्रकाश किती वळतो तो आकडा (अपवर्तनांक) मोजणाऱ्या उपकरणावर, १.५४४ ते १.५५३ आलं की क्वार्ट्झ, बेरिल १.५७ च्या पुढे जातो. 'नैसर्गिक' हा प्रश्न वेगळा. बाजारातला बहुतेक सुनेला म्हणजे सुमारे ४५०–५०० अंश सेल्सिअसला तापवलेला ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळा क्वार्ट्झ. ही प्रक्रिया व्यापारात मान्य आहे आणि रंगही टिकतो. प्रयोगशाळेत वाढवलेला क्वार्ट्झ मात्र घरी ओळखता येत नाही.

मीनाक्षी_पु: लॅबला सुटाच द्या आणि रिपोर्टवर तीन गोष्टी मागा: खनिजाचं नाव, नैसर्गिक की कृत्रिम, अपवर्तनांक. पुष्कराजाचा भाव देऊ नका. बिलावर 'सिट्रीन, क्वार्ट्झ' असं लिहून घ्या आणि वजन कॅरेटमध्येच. रत्तीचं माप सगळीकडे सारखं नसतं. काचेवर ओरखडा काढून कोणी दाखवत असेल तर थांबवा. क्वार्ट्झ, टोपाझ, सफायर तिघंही काच ओरखडतात, त्यातून कळत काहीच नाही आणि खड्याच्या कडेचा टवका मात्र उडू शकतो.